फ्रान्त्स माकच्या वाटेने: वाल्डकिर्श ते रुस्ट

गुरुवार : वाल्डकिर्श

जर्मनीतल्या युरोपा-पार्क या करमणुकीच्या उद्यानाला जाणारी बहुतेक मंडळी महामार्गावरून थेट रुस्ट गावात उतरतात. आम्ही आधी डोंगराकडे वळलो. फ्रायबुर्गहून निघालेली छोटी गाडी डेन्त्सलिंगेनला मुख्य मार्ग सोडते आणि एल्त्स नदीच्या खोऱ्यात शिरते. थोड्याच वेळात दोन्ही बाजूंनी काळ्या जंगलाचे डोंगर जवळ येतात आणि वाल्डकिर्श येतं. रुस्टची बाग उभी करणारा फ्रान्त्स माक या गावचा. ७ मार्च १९२१ रोजी तो इथे जन्मला, इथल्याच घरच्या कारखान्यात काम शिकला, आणि तो कारखाना आजही याच गावात चालतो. बाग बघण्याआधी कारखान्याचं गाव बघायचं, हा आग्रह बाबांचा.

बाबांची सगळी नोकरी एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये, बॉडी बिल्डिंगला झाली. बाहेरून नुसती चेसिस यायची आणि तिच्यावर अख्खी गाडी चढवून रस्त्यावर काढायची, हे काम त्यांनी निवृत्तीपर्यंत केलं. त्यामुळे माक घराण्याची सुरुवात १७८० साली पाउल माक नावाच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिरापासून होते, एवढं सांगितल्यावर त्यांना या सहलीसाठी आणखी काही पटवावं लागलं नाही. "म्हणजे आपल्यातलेच," ते म्हणाले.

गाव आटोपशीर आहे. बाजारचौक, त्याच्या मागे सेंट मार्गारेथेनचं बारोक चर्च, आणि चर्चला लागून एका जुन्या देखण्या इमारतीत एल्त्सटाल संग्रहालय. या संग्रहालयात आम्ही तासभर बसू असं वाटलं होतं. दुपार तिथेच गेली.

वाल्डकिर्श हे ऑर्गन बांधणाऱ्यांचं गाव. इथला हा धंदा १७९९ पासूनचा. चर्चमधले ऑर्गन तर बनायचेच, पण जगभर नाव झालं ते जत्रेतल्या ऑर्गनांमुळे. ब्रूडर, रूट, वेबर या घराण्यांची वाद्यं युरोपभरच्या जत्रांत वाजत. पॅरिसच्या गाव्हियोली आणि लिमोनेर यांनीही इथे शाखा काढल्या होत्या. लाउडस्पीकर यायच्या आधीच्या काळात घोड्यांच्या गोल पाळण्यापाशी गर्दी खेचायची तर आवाज हवा, आणि तो आवाज एकट्या माणसाला काढता यायला हवा. म्हणून हे यंत्र. चाक फिरवलं की भाता हवा भरतो, आणि भोकं पाडलेल्या जाड पुठ्ठ्याची घडीची पट्टी पुढे सरकत जाते. जिथे भोक असेल तिथली नळी बोलते. समोरच्या सजवलेल्या दर्शनी भागावर लाकडी बाहुल्या घंटा वाजवतात, माना वळवतात.

संग्रहालयातल्या बाईंनी एक ऑर्गन आमच्यासाठी वाजवला. आवाजाने खिडकीची तावदानं थरथरली. मी समोर उभी राहून ऐकत होते. बाबा केव्हाच मागच्या बाजूला गेले होते आणि भात्याचं कातडं, नळ्यांची लाकडी जोडणी, आधाराच्या पट्ट्या निरखत होते.

"हे एवढं नाजूक धूड त्या काळच्या रस्त्यांवरून न्यायचे कसे?" त्यांनी विचारलं.

माक घराण्याच्या गोष्टीतला कळीचा प्रश्न हाच आहे. पाउल माकच्या पुढच्या पिढ्या टपालाच्या आणि शेतीच्या घोडागाड्या बांधत होत्या. शेजारच्या गल्लीत ऑर्गन तयार होत होते आणि ते गावोगावच्या जत्रांत न्यायचे होते. सांध्याला चीर पडली, कातडं फाटलं, नळी हलली की वाद्य मुकं. तेव्हा ऑर्गनसाठी खास गाड्या माकांच्या कारखान्यात बनू लागल्या. ऑर्गन घेणारा जत्रेवालाच मग राहण्याची गाडी मागू लागला, कारण त्याचा संसारही वर्षातले कित्येक महिने रस्त्यावर असे. सर्कसवाले आले, त्यांनाही गाड्या हव्या होत्या. गिऱ्हाईक तेच राहिलं, मागणी वाढत गेली. आणि आमच्या गाड्या बांधता तर पाळणेही तुम्हीच बांधा, इथपर्यंत ती पोचली. कारखान्यातून पहिला लाकडी रोलर कोस्टर बाहेर पडला तो १९२१ साली, म्हणजे फ्रान्त्स जन्मला त्याच वर्षी.

गाडी बांधणाराच पाळण्यांकडे का वळला, हे मला तिथे त्या ऑर्गनमागे उभं राहून नीट उमगलं. जत्रेतला पाळणा ही एका जागी राहणारी वस्तू नाही. तो आठवडाभर उभा राहतो, मग उतरवतात, गाड्यांवर चढवतात आणि पुढच्या गावी पुन्हा जोडतात. प्रत्येक तुळई किती लांबीची करायची, कुठला सांधा पाचरीने आवळायचा आणि कुठला बोल्टने, कोणता भाग आधी उतरला पाहिजे म्हणजे दुसऱ्या गावी तो शेवटी हाताला येणार नाही, हे सगळं पाळण्याचं चित्र काढतानाच ठरवावं लागतं. हा विचार ज्याच्या हाडीमांसी आहे त्याने केलेला पाळणा जत्रेवाला विश्वासाने घेतो. फ्रान्त्स या विचारात लहानाचा मोठा झाला.

संध्याकाळी कास्टेलबुर्गच्या पडक्या किल्ल्यावर चढलो. चढ दाट झाडीतून आहे, बाबांनी सावकाश पण न थांबता पार केला. बुरुजावरून सगळं खोरं दिसतं: एका बाजूला कान्डेलचा डोंगर, खाली लाल कौलांचं गाव, नदी, रेल्वेचा रूळ, कारखान्यांची छपरं. फ्रान्त्सच्या तरुणपणाची काही वर्षं महायुद्धात गेली. युद्धानंतर जर्मनीतल्या जत्रा पुन्हा भरू लागल्या तेव्हा जत्रेवाल्यांना सगळंच नव्याने हवं होतं. फ्रान्त्स आणि त्याच्या भावांच्या पिढीने याच खोऱ्यातून पाळणे बाहेर पाठवायला सुरुवात केली.

शुक्रवार : रुस्ट

सकाळच्या गाडीने रिंग्सहाइम. पार्कमुळे आता या लहानशा स्थानकाच्या नावातच युरोपा-पार्क जोडलं गेलंय आणि काही लांब पल्ल्याच्या गाड्याही इथे थांबतात. पुढे बसने रुस्ट. मूळचं हे ऱ्हाइनकाठचं कोळ्यांचं आणि शेतकऱ्यांचं गाव. आज घराघरावर खोली भाड्याने असल्याच्या पाट्या आहेत. आम्हीही अशाच एका घरात उतरलो.

पार्क इथे का आला याचं उत्तर १९७२ सालात आहे. त्या वर्षी फ्रान्त्स आणि त्याचा मुलगा रोलांड अमेरिकेतली करमणुकीची उद्यानं बघून आले. रोलांड तेव्हा कार्ल्सरुहेला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकत होता. परतल्यावर त्यांचं ठरलं: आपले पाळणे कायमचे उभे राहतील अशी आपली एक जागा करायची. हेतू सरळ धंद्याचा होता. पाळणा विकत घ्यायला येणाऱ्याला कागदावरची चित्रं किती दाखवणार? त्याला चालता पाळणा दाखवला, त्यात बसवला, दिवसभरात किती लोक चढतात-उतरतात ते त्याच्या डोळ्यांदेखत मोजू दिलं, तर सौदा होतो. माकांच्या मालाचं दालन म्हणून ही बाग कल्पिली गेली.

पहिली जागा ब्रायझाखजवळ पाहिली होती. पुराच्या भीतीने ती सोडावी लागली. मग रुस्टचं श्लॉस बाल्टाझार सापडलं. १४४२ सालची ही गढी बोक्लिन घराण्याची, भोवती जुन्या झाडांचं मोठं उपवन, आणि त्यातून वाहणारी एल्त्स. वाल्डकिर्शहून खाली आलेली तीच नदी. १२ जुलै १९७५ रोजी साधारण १६ हेक्टरांवर पार्क उघडला. या खेड्यात कोण येणार, दिवाळं निघेल, असं म्हणणारे पुष्कळ होते. पहिल्या हंगामात अडीच लाख लोक आले.

फ्रान्त्सचं वय तेव्हा ५४ होतं. हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. चालता कारखाना, ठरलेलं गिऱ्हाईक, नाव झालेलं; आणि त्या वयात हा माणूस एका पडीक बागेत घराण्याचा पैसा ओततो. बाबा म्हणाले, "चोपन्नला आमच्याकडे लोक पेन्शनचे कागद जमवायला लागायचे."

फाटकातून आत गेल्यावर आम्ही गर्दीबरोबर धावलो नाही, आधी गढी गाठली. तिथे आता खाणावळ आहे. अंगणातली झाडं इतकी मोठी की पाळण्यांचा आवाज गाळून येतो. या बागेचा माझ्या मते सर्वांत चांगला भाग हाच. पन्नास वर्षांत शेकडो गोष्टी बांधल्या, तरी जुनी झाडं, तळी आणि नदीचा प्रवाह त्यांनी मोडला नाही. पाळणे त्यांच्यामधून वळवून नेले आहेत.

बागेत देशांच्या नावांचे विभाग आहेत. मग त्यांतल्या स्वित्झर्लंड विभागात गेलो, आणि तिथे बाबांचा दिवस सार्थकी लागला. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस माकांच्या कारखान्यात 'वाइल्ड माउस' जातीचे पाळणे बनत. त्यांची युक्ती फार सुंदर आहे. एकेकटी छोटी गाडी, सपाट रूळ, आणि काटकोनी वळणं. गाडीची चाकं नाकाखाली नसून मागे सरकवलेली असतात. त्यामुळे वळणावर आधी गाडीचं नाक रुळाबाहेर हवेत जातं, आपण आता खाली पडणार असं पोटात धस्स होतं, आणि मग चाकं वळणाला पोचतात व गाडी हिसका देऊन वळते. वेग बेताचा, उंची बेताची, जागा थोडी, खर्च कमी. आणि भीती पुरेपूर. गाडीच्या बांधणीतला चाकांचा एक फरक, आणि त्यातून हा सगळा खेळ. गाडी बांधणाऱ्यालाच सुचावी अशी ही गोष्ट आहे.

त्याच घराण्यातला आजचा वारस म्हणजे १९९९ चा माटरहॉर्न-ब्लिट्स. इथे गाडी साखळीने चढत नाही. ती एका उद्वाहनात शिरते, उद्वाहन गाडीसकट सरळ वर जातं आणि टोकाला पुढे कलून तिला रुळावर सोडतं. बाबा रांगेत उभं राहून चार-पाच गाड्या वर गेलेल्या बघत राहिले, मागच्या लोकांना पुढे जाऊ दिलं, आणि मगच बसले. उतरल्यावर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "वजन कमीजास्त झालं तर कलताना धक्का बसायला हवा. बसला नाही. का?" पुढचा अर्धा तास आम्ही त्यावरच बोलत होतो.

शेजारीच १९८५ ची स्विस बॉबबान. हिला रूळच नाही. पोलादी पन्हळीतून गाडी घसरते आणि वळणावर वेगाच्या हिशेबाने आपोआप भिंतीवर चढते, बर्फावरच्या बॉबस्लेडसारखी. रुळाला बांधलेली गाडी वळणं घेते ती आखणाऱ्याच्या मर्जीने. ही घेते ती प्रवाशांचं वजन आणि वेग यांच्या मर्जीने, म्हणून प्रत्येक फेरी थोडी वेगळी. मला दिवसातला सर्वांत जास्त आनंद इथे मिळाला.

ऑस्ट्रिया विभागात १९८४ पासून धावणारा आल्पेन एक्स्प्रेस. याची मोटर गाडीतच आहे, त्यामुळे ती उंचीवर विसंबून नाही. चढावरही वेग धरते. लहान मुलं, आजी-आजोबा सगळे बसतात. माकांनी ही जात जगभर विकली. फार गाजावाजा नसलेले असे पाळणेच घराण्याचं पोट भरत आले असावेत, असं त्याची न थांबणारी रांग बघताना वाटलं.

शनिवार : रुस्ट

आज मोठे पाळणे. पण त्याआधी इटली.

या बागेला देशांचे विभाग आरंभापासून नव्हते. पहिला विभाग १९८२ चा, इटलीचा. रंगमंच आणि चित्रपटांसाठी नेपथ्य करणारे उलरिश डामराऊ यांनी तो उभा केला आणि पुढे बागेचं रूप त्यांच्याच नजरेतून घडत गेलं. मग हॉलंड, इंग्लंड, फ्रान्स, स्कँडिनेव्हिया, स्पेन, रशिया, ग्रीस... यादी वाढत गेली. काही चौक मला फार पोस्टकार्डी वाटले, पण इटलीची ती पहिली गल्ली अजून टिकाऊ आहे, कारण तिच्यात दगड, चुना, वेली खऱ्या आहेत. फ्रान्स आणि जर्मनीची सीमा इथून जवळच. त्या सीमेवर फ्रान्त्सच्या पिढीने युद्ध पाहिलं. आणि आज बागेत जर्मनइतकीच फ्रेंच कानावर पडते. मला ही गोष्ट कुठल्याही पाळण्यापेक्षा मोठी वाटते.

१९८९ साली रुपेरी गोलातला ऑयरोसाट आला: अंधारातला रोलर कोस्टर, मध्ये फिरत वर नेणारा चढ. २०१८ मध्ये त्याचा रूळ बदलून कानकानच्या नाचाची सजावट केली. १९९७ चा ऑयरो-मीर आरशांच्या मनोऱ्यांतून वर चढतो आणि गाडी जागच्या जागी फिरत राहते. २००० सालच्या पोसायडनमध्ये रोलर कोस्टरची गाडी उतारावरून थेट पाण्यात शिरते आणि होडी होते. चाकाची गाडी आणि पाण्यातली होडी एकाच सांगाड्यात बसवणं हे गाडी बांधणाऱ्याचं खास आव्हान. बाबा भिजायला तयार नव्हते. काठावर उभं राहून त्यांनी पाण्यात शिरताना गाडीचा तळ कसा उचलला जातो ते पाहिलं.

सिल्व्हर स्टार २००२ चा, ७३ मीटर उंच, ताशी १२७ किलोमीटरच्या वेगाचा. हा मात्र माकांनी बांधलेला नाही. तो बोलिगर आणि माबियार या स्विस जोडगोळीचा. खोपोलीच्या इमॅजिकातला नायट्रो ज्यांनी केला, तेच हे. स्वतःच्या बागेत दुसऱ्याचा सर्वांत उंच पाळणा आणून उभा करायला मोठं मन लागतं, आणि एवढ्या उंचीचा अनुभव आपल्याकडे अजून नाही हे ओळखण्याची नजरही. मी बसले. पहिल्या उतारावर शरीर आसनातून सुटतं आणि खाली ऱ्हाइनचं सपाट मैदान क्षितिजापर्यंत पसरलेलं दिसतं.

त्यानंतर सात वर्षांनी माकांनी आपलं उत्तर दिलं. २००९ चा ब्लू फायर. अडीच सेकंदांत शून्यावरून ताशी १०० किलोमीटर, चढावाची साखळी नाही, विद्युतचुंबकांच्या जोरावर सुटणारी गाडी, आणि प्रवाशांना चारदा उलटं करणारा मार्ग. उलटं करणारा हा माकांचा पहिलाच रोलर कोस्टर. आइसलंड विभागात तो उभा आहे. सिल्व्हर स्टार उंचीने जिंकतो. ब्लू फायर गुळगुळीतपणाने. खांद्यावर अवजड कमानी नाहीत, मांडीवर एकच बार, त्यामुळे उलटं होताना मान मोकळी राहते. मला दोघांतला हा जास्त आवडला.

आणि दालनाची कल्पना किती बरोबर होती ते इथेच दिसतं. गिऱ्हाइकांनी रुस्टला येऊन ब्लू फायरमध्ये बसून पाहिलं, आणि याच जातीचे पाळणे वाल्डकिर्शहून दूरदूर गेले. स्वीडनमधल्या गोथेनबर्गचा २०१४ चा हेलिक्स त्यांतलाच.

फ्रान्त्स माक ३१ ऑक्टोबर २०१० रोजी रुस्टमध्ये वारला. वय ८९. तोवर कारभार रोलांड आणि युर्गेन या मुलांकडे होता, आता पुढची पिढीही आहे.

दुपारी हॉलंडजवळच्या पाण्यातल्या चाच्यांच्या सफरीत बसलो. २६ मे २०१८ रोजी बागेत मोठी आग लागली. बटावियाची ही सफर आणि शेजारचं स्कँडिनेव्हियन गाव जळालं. हजारो लोकांना शांतपणे बाहेर काढलं गेलं, आणि दुसऱ्या दिवशी बाग पुन्हा उघडली. सफर नव्याने बांधून २०२० साली सुरू झाली. नव्या बाहुल्यांचे हात हलतात तेव्हा त्या वाल्डकिर्शच्या ऑर्गनवरच्या बाहुल्यांच्या नातलग वाटतात. हवेच्या दाबावर हलणारं लाकूड तेव्हा, आज मोटरा.

संध्याकाळी क्रोएशिया विभागातला व्होल्ट्रॉन. २०२४ चा, निकोला टेस्लाच्या नावाने सजवलेला, माकांच्याच हातचा. बाबा खाली थांबले आणि गाडीची चाकं दिसतील अशी जागा त्यांनी शोधून काढली. रुळाच्या वरून भार घेणारी चाकं, बाजूने दाबून धरणारी, आणि खालून अडवणारी, म्हणजे गाडी उलटी झाली तरी रूळ सोडणार नाही. मी उतरून आले तेव्हा त्यांच्या फोनमध्ये चाकांचे पन्नासेक फोटो होते, माझा एकही नव्हता.

रविवार : टाउबरगीसेन, परतीचा प्रवास

सकाळ रुस्टच्या पलीकडच्या टाउबरगीसेनच्या पाणथळ रानात काढली. स्थानिक कोळी लाकडी सपाट होड्यांतून फिरवतात, लांब काठीने रेटत. पाणी इतकं स्वच्छ की तळाचं गवत वाकलेलं दिसतं.

परतीच्या गाडीत मी बाबांना ऑरलँडोबद्दल सांगितलं. २०२५ मध्ये तिथे युनिव्हर्सलचं एपिक युनिव्हर्स हे नवं उद्यान उघडलं, आणि त्यातला शर्यतीचा जोड रोलर कोस्टर, स्टारडस्ट रेसर्स, माकांनी बांधला आहे. १९७२ मध्ये बाप-लेक अमेरिकेत बघायला गेले होते.

बाबांनी ऐकलं, मान हलवली आणि फोन काढून चाकांचे फोटो दापोडीच्या जुन्या सहकाऱ्यांच्या गटावर टाकले. ऑफेनबुर्ग यायच्या आत पहिलं उत्तर आलं: "खालची चाकं रुळाला सारखी टेकलेली असतात की थोडी फट ठेवतात?" बाबांनी चष्मा वर केला, एकेक फोटो मोठा करून बघितला, आणि उत्तर टाइप करायला घेतलं.